तुम्ही विचारलंत म्हणून: गारदी म्हणजे मारेकरीच का?

शनिवारवाड्याचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: गारदी म्हणजे पैसे घेऊन खून करणारे लोक का? ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं आणि त्या एका दिवसाचा डाग या शब्दाला कायमचा चिकटला. गारदी म्हणजे मुळात कवायत शिकलेला, रोख पगारावर लढणारा पायदळ शिपाई. फ्रेंच ‘गार्द’वरून हा शब्द आपल्याकडे आला, कारण ही कवायत दक्षिणेत रुजवली ती फ्रेंचांनी. १७५१ पासून फ्रेंच सेनानी बुसी हैदराबादेत निजाम सलाबतजंगाच्या पाठीशी होता. त्याच्या तालमीत तयार झालेले सरदार पुढे आपापल्या पलटणी घेऊन चाकरी शोधू लागले. इब्राहिमखान गारदी त्यांतलाच. तो आधी निजामाकडे होता, मग सदाशिवरावभाऊंकडे आला.

गारद्याची ताकद कशात होती, हे कळायला त्याच्या हातातली बंदूक बघायला हवी. तोड्याची बंदूक आपल्याकडे आधीपासून होती आणि चांगल्या नेमबाजाच्या हातात ती लांबवर अचूक लागायची. पण तिला पेटता तोडा, म्हणजे जळती वात, जवळ बाळगावा लागतो. कमरेला दारू आणि शेजाऱ्याच्या हातात निखारा, अशा अवस्थेत खांद्याला खांदा लावून उभं राहता येत नाही. गारगोटी आपटून ठिणगी पाडणाऱ्या चकमकीच्या बंदुकीने ती अडचण संपवली.

ती भरायची रीत अशी. घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा खटका, अर्ध्यावर ओढायचा. कागदी काडतूस दातांनी फाडायचं. चिमूटभर दारू रंजक म्हणून, म्हणजे ठिणगीने आधी पेटायला, कानाशेजारच्या (नळीत आग नेणाऱ्या भोकाशेजारच्या) वाटीत घालून झाकण लावायचं. बंदूक उभी करून उरलेली दारू नळीत ओतायची, मागून गोळी आणि कागद. गजाने दोनदा ठासायचं, गज जागेवर परत, घोडा पूर्ण मागे, नेम, चाप. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढतो. नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसतो. म्हणूनच दाट रांगा आणि एका हुकमावर सगळ्यांचा बार.

बिघाडही याच क्रमात होतात. रंजक ओली झाली तर ठिणगी पडूनही ती पेटत नाही. दारूच्या काजळीने कान चोंदला तर वाटीत भडका उडतो, नळीतली दारू तशीच राहते. त्यासाठी तारेची सुई जवळ हवी. वीस-तीस बारांत गारगोटीची धार जाते, ती फिरवून किंवा बदलून बसवावी लागते. घाईत गज नळीतच राहिला तर तो गोळीबरोबर उडून जातो आणि त्या शिपायाला पुढे बंदूक भरताच येत नाही. मग उरते संगीन.

या रांगेचा कच्चा दुवा म्हणजे तिची बाजू. समोरून संगिनींच्या भिंतीवर घोडा सहसा चढत नाही, पण बगलेतून स्वार घुसले की रांग कापली जाते. दुसरी अट आपल्याच घोडदळासाठी: गारद्यांच्या पुढे येऊ नका. पुढे आलात तर त्यांचा बार बंद पडतो, कारण समोर आपलीच माणसं असतात.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर या दोन्ही गोष्टी कसाला लागल्या. इब्राहिमखान डाव्या बाजूला होता, समोर रोहिले. अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज त्या दिवशी हजर होता. तो लिहितो की खानाने काही पलटणी बगल राखायला वळवल्या, उरलेल्यांचा गोळीबार थांबवला आणि संगिनी रोखून दुंदेखान व हाफिज रहमत या रोहिले सरदारांवर चाल केली. रोहिल्यांचे मेलेले आणि जखमी तो आठ हजारांच्या घरात सांगतो. बगल राखायचं भान खानाला होतं, हे यातून स्वच्छ दिसतं. मात्र विंचूरकर आणि गायकवाड यांचे स्वार त्याच्या पुढे धावले आणि गोलाची (चारी बाजूंनी बंद फौजेच्या रचनेची) शिस्त मोडली, असं मराठी परंपरेत सांगतात. तासन्‌तास चाललेल्या झुंजीत गारद्यांच्या बहुतेक पलटणी संपल्या. खान जखमी होऊन पकडला गेला आणि पुढे मारला गेला. शेवटपर्यंत जागा न सोडणाऱ्या या माणसाला मारेकऱ्यांच्या यादीत ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

याच काशीराजाच्या वृत्तांतात एक जागा फार महत्त्वाची आहे. लढाईच्या तोंडावर खान भाऊंना म्हणतो की माझ्या लोकांच्या नियमित पगाराचा मी आग्रह धरला म्हणून आपण माझ्यावर नाराज होतात. आज तो पगार फुकट गेला नाही हे दिसेल. गारद्याला वतन नाही, चौथाईत वाटा नाही, लुटीसाठी रांग सोडायची मुभा नाही. महिना थकला की त्याच्यापाशी दुसरं काहीच नसतं, आणि हातात भरलेली बंदूक असते. १७७३ मध्ये सुमेरसिंग आणि त्याचे साथीदार वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराची ओरड करतच. त्यामागे रघुनाथरावांच्या बाजूचं कारस्थान होतं आणि खुनाचा दोष त्याने कमी होत नाही. पण पगार वेळेवर होत असता तर त्या लोकांना इतक्या सहज हाताशी धरता आलं नसतं.

महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या युरोपियन सेनानीकडून नव्या पलटणी उभ्या करून घेतल्या, तेव्हा हीच गाठ सोडवली. फौजेच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख वेगळा लावून दिला आणि अलिगडच्या तळावरून त्याच्या वसुलातून पगार होऊ लागले. त्या शिपायांना मात्र सहसा गारदी म्हटलं गेलं नाही. तोवर ‘पलटण’ आणि ‘कंपू’ हे शब्द रुळले होते.