रंग नको, कंबर बघा

‘पिवळी-काळी माशी आहे, चावेल का?’ एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. फुलांवरच्या कित्येक निरुपद्रवी माश्याही तेच पट्टे मिरवतात. त्यांना पंखांची एकच जोडी असते, डंखवालीला दोन. पण उडतीचे पंख मोजणार कोण? आधी पकडा.

भिंतीवर बसली की काचेचा ग्लास उपडा घाला आणि खालून जुनी लग्नपत्रिका सरकवा. वहीचा कागद वाकतो, फट पडते आणि माशी हातावर येते. पत्रिकेसकट ग्लास दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. ती सुस्तावली की शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवून वरून एक, बाजूने एक फोटो घ्या. छाती आणि पोट यांच्यामधली ही कंबर बाजूच्या फोटोतच दिसते. मेलेली सापडली तरी बोटांनी उचलू नका, मेल्यावरही थोडा वेळ डंख बसू शकतो.

कंबर दोऱ्यासारखी लांब आणि बारीक असेल तर ती कुंभारीण. फोटोफ्रेममागे, पडद्याच्या घडीत, कुलपाच्या भोकात चिखल भरणारी हीच. चिखलाचा गोळा फोडला की आत लुळे पडलेले कोळी निघतात. पिल्लांची ती शिदोरी. कुंभारीण एकटी राहते, घरट्याची राखण करत नाही, हातात दाबल्याशिवाय सहसा डंख मारत नाही. गोळ्याला गोल भोक दिसलं तर पिल्लू उडून गेलंय, पुट्टीच्या पत्रीने खरवडून टाका. खरा त्रास एसीच्या पाण्याच्या नळीचा. तिच्या तोंडात माती बसली की पाणी घरात ठिबकतं आणि आपण गॅस संपला म्हणून मेकॅनिकला बोलावतो. तोंडाला बारीक जाळी बांधा.

कंबर आखूड, उडताना पाय खाली लोंबत असतील आणि ग्रिलला करड्या कागदासारखं उघड्या खणांचं पोळं लटकलेलं असेल, तर ती गांधीलमाशी. नेहमी दिसणारी सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरची, तांबूस असते. पोळ्याला हात लागला की सगळ्या अंगावर येतात, आणि एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते. इंचभर मोठी, काळी, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली दिसली तर मात्र झाडू खाली ठेवा आणि जाणकार माणूस बोलवा. रॉकेलचा बोळा पेटवून पोळं जाळणं हा निव्वळ मूर्खपणा: पडदा पेटतो, माश्या वाचतात.

रात्री ट्यूबलाइटभोवती मधमाशी घिरट्या घालत असेल तर ती बहुधा आग्या, म्हणजे मोठी रानमधमाशी. सातेरी ही लहान मधमाशी अंधारात बाहेर पडत नाही. गच्चीच्या टाकीखाली किंवा छज्ज्याला मोठं, एकाच पडद्याचं पोळं आहे का ते सकाळी लांबूनच बघा. उन्हाळ्यात कूलरवर येणाऱ्या मधमाश्या फक्त पाण्यासाठी येतात. द्राक्षांचा हंगाम असताना मात्र ओट्यावरची फुटकी द्राक्षं झाकून ठेवा, गांधीलमाशी त्यांवरही येते.

पावसाळ्यात दिव्यावर धडकणारी, जाड तपकिरी पोटाची ‘भयंकर’ माशी म्हणजे मुंग्यांचा पंखवाला नर. डंख फक्त माद्यांना असतो, त्यामुळे तो काही करूच शकत नाही. आणि कुऱ्हाडीच्या पात्यासारखं चिमुकलं पोट वरखाली हलवणारी काळी माशी दिसली तर माशीला सोडा, सिंकखाली बघा. ती झुरळांच्या अंड्यांच्या शोधात आलेली असते.

डंख बसलाच तर मधमाशीचा काटा नखाने लगेच काढा, चिमटा शोधत बसू नका. काटा आत असेतो विष जात राहतं. गांधीलमाशीचा काटा मागे राहत नाही, म्हणून तो उकरत बसू नका. साबणाने धुवा, कापडात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा. चुना किंवा लोखंड घासल्याने विष उतरत नाही. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर गांध्या उठल्या किंवा चक्कर आली तर थेट 108. अनेक डंख बसले असतील तर माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात न्या, मूत्रपिंडावरचा परिणाम उशिरा कळतो.