छापा, काटा आणि चिंचोका

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनं, सहली आणि मैदानाबद्दल बाकीचे लिहितीलच. मी लिहितोय ते आमच्या गणिताच्या बाईंच्या संभाव्यतेच्या, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता आकड्यात मांडण्याच्या, तासांबद्दल. पुढे संख्याशास्त्र शिकताना आणि शिकवताना मला हा विषय कितीतरी पद्धतींनी मांडलेला दिसला. पण सुरुवात कशापासून करावी, याला बाईंच्या क्रमापेक्षा चांगलं उत्तर सापडलं नाही. शाळेत आज गणित शिकवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो तपशिलासह देतो.

बाई नाण्यापासून सुरुवात करत नसत. नाण्याचं उत्तर मुलांना आधीच माहीत असतं. दहा वेळा उडवून सात छापे आले तर मुलं ‘प्रयोग चुकला’ म्हणतात आणि वहीत पाच लिहून मोकळी होतात. म्हणून पहिल्या दिवशी चिंचोका. एक बाजू फरशीवर घासून पांढरी केलेली, दुसरी तपकिरीच. पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता किती? ‘दोनच बाजू, म्हणून १/२’ असं कोणीतरी म्हणतंच. तो अंदाज फळ्यावर लिहून ठेवायचा, खोडायचा नाही.

कृती साधी आहे. दोघांत एक चिंचोका आणि एक प्लॅस्टिकचा पेला. पेल्यावर तळहात ठेवून हलवायचं, बाकावर पालथा घालायचा, उचलून बघायचं. एकाने टाकायचं, दुसऱ्याने ताळ्याच्या खुणा करायच्या. मिनिटाला पाच-सहा वेळा टाकून होतं, म्हणजे १०० वेळा टाकायला साधारण २० मिनिटं. ३५ मिनिटांच्या तासात बसतं. चिंचोका कंपासपेटीला टेकून तिरका राहिला तर तो निकाल धरायचा नाही, पुन्हा टाकायचं. हा नियम सुरुवातीलाच सांगावा लागतो. मागाहून सांगितला की मुलं नको असलेले निकाल ‘तिरके’ ठरवतात.

दर दहा वेळा टाकून झाल्यावर आतापर्यंतच्या एकूण पांढऱ्यांना आतापर्यंतच्या एकूण संख्येने भागायचं आणि आलेख कागदावर बिंदू मांडायचा. आडव्या अक्षावर १ सेंमी म्हणजे १० वेळा, उभ्या अक्षावर १ सेंमी म्हणजे ०.१. नेहमीची चूक इथेच होते. निम्मी मुलं प्रत्येक दहाचं गुणोत्तर वेगळं काढतात. तो आलेख शेवटपर्यंत वरखाली उड्या मारत राहतो आणि ‘स्थिरावतं म्हणजे काय’ हे दिसतच नाही. कोष्टकात ‘या दहात’ आणि ‘एकूण’ असे दोन रकाने आखून दिले की ही चूक टळते.

दुसरी खाच जास्त महत्त्वाची. सगळ्या जोड्यांचे निकाल एकत्र करायचा मोह होतो, पण चिंचोक्यांच्या बाबतीत ते करू नये. एकाने जास्त घासलेला असतो, एकाने कमी. प्रत्येक चिंचोक्याची संभाव्यता त्याची स्वतःची असते. म्हणून चिंचोक्यावर शाईने क्रमांक घालायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच परत द्यायचा. १०० वेळांत ६२ वेळा पांढरं आलं, तर खरी संभाव्यता ढोबळमानाने ०.५२ ते ०.७२ यांत कुठेही असू शकते. दुसऱ्या दिवशी आणखी १०० वेळा टाकलं की हा पट्टा अरुंद होतो, पण निम्मा होत नाही. पट्टा निम्मा करायला चौपट वेळा टाकावं लागतं.

आता नाणं. इथे एकत्र करायला हरकत नाही. ५० मुलांच्या २५ जोड्या, प्रत्येकी ४० वेळा, मिळून १०००. एका जोडीचे छापे बहुधा १४ ते २६ यांत येतील. एखादी जोडी त्याबाहेरही जाईल आणि तिला ओरडायचं कारण नाही. १००० मिळून मात्र ४६८ ते ५३२ यांच्या बाहेर जाणं क्वचित. प्रत्येक जोडीचा आकडा फळ्यावर येऊ द्यावा आणि बेरीज मुलांनाच करू द्यावी.

‘शेवटी छापे आणि काटे सारखे होतात’ हा समज याच वेळी काढून टाकायचा असतो. त्यासाठी जुने आकडे उपयोगी पडतात. अठराव्या शतकातल्या बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ४०४० वेळा नाणं उडवलं, छापे २०४८. म्हणजे निम्म्यापेक्षा २८ जास्त, गुणोत्तर ०.५०६९. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना जॉन केरिच या गणितज्ञाने १०,००० वेळा उडवलं, छापे ५०६७. जादा छापे २८ वरून ६७ वर गेले, तरी गुणोत्तर ०.५०६७, म्हणजे १/२ च्या किंचित जवळच. नाणं मागची तूट भरून काढत नाही. जादा छापे मोठ्या संख्येत विरघळतात. हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर फार बोलावं लागत नाही.

बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यता हे पाचवं प्रकरण आहे: यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती (प्रयोगाचा निकाल), समसंभाव्य निष्पत्ती (सारखीच शक्यता असलेले निकाल), नमुना अवकाश (सगळ्या निष्पत्तींचा संच), घटना आणि मग सूत्र (हव्या त्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती). क्रम तर्काला धरून आहे, पण ‘समसंभाव्य’ हा शब्द मुलं वाचतात आणि पुढे जातात. सगळं सूत्र त्या एका अटीवर उभं आहे. फळ्यावरचं चिंचोक्याचं १/२ चुकलं ते ती अट तिथे नव्हती म्हणून. हे सांगायला चिंचोका आधी झालेला असावा लागतो.

दोन नाण्यांत मोठे लोकही घसरतात. दोन छापे, दोन काटे, एकेक. तीन शक्यता, म्हणून प्रत्येकी १/३. गणिती दालाँबेरनेही १७५४ साली याच धाटणीचा हिशेब करून दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता ३/४ ऐवजी २/३ मांडली होती. उपाय: एक रुपयाचं एक आणि पाच रुपयांचं एक नाणं घ्यायचं आणि निकाल लिहिताना रुपया नेहमी आधी. मग छापा-काटा आणि काटा-छापा हे दोन निराळे रकाने आपोआप होतात.

दोन फाशांची बेरीज घ्यायची तर दोन रंगांचे फासे हवेत. ३६ निष्पत्तींपैकी ७ बेरजेच्या ६, २ बेरजेची १. पण जोडीने ३६ वेळा टाकलं म्हणून २ एकदा येईलच असं नाही. साधारण ३६ टक्के जोड्यांना ती बेरीज दिसणारच नाही. एकच फासा ६ वेळा टाकला तर ६ न येण्याची संभाव्यताही (५/६)^६, म्हणजे जवळजवळ १/३ आहे. ‘सहातून एकदा’ याचा अर्थ मुलं फार शब्दशः घेतात.

घरी करायला दिलेला नाण्याचा प्रयोग तपासणं बाईंना सोपं जायचं. ४० फेकींची खरी यादी घ्या: सलग पाच किंवा जास्त वेळा तीच बाजू आल्याचं चारपैकी सुमारे तीन याद्यांत सापडतं. मनाने लिहिणारा मुलगा सलग तिनानंतर बाजू बदलतो. सलग चारही कुठे नसेल, तर ती यादी बनावट असण्याची दाट शंका घ्यावी. प्रामाणिक याद्यांत असं शंभरात चार-पाच वेळाच होतं. एका यादीवरून मात्र कुणाला शिक्षा करू नये.

शेवटचा तास कवड्यांचा. बहुतेक ठिकाणी पटावरच्या खेळात चारही पालथ्या पडल्या की आठचं दान, चारही उताण्या पडल्या की चारचं. आधी एकेक कवडी टाकून उताणी पडण्याचं गुणोत्तर काढायचं. समजा ०.४ आलं. मग चारही उताण्या (०.४)^४ म्हणजे सुमारे ०.०२६ आणि चारही पालथ्या (०.६)^४ म्हणजे ०.१३, आठ हे चारपेक्षा पाचपट वेळा पडायला हवं. नंतर चारही एकदम २०० वेळा टाकून पाहायचं: अपेक्षा ५ वेळा चार आणि २६ वेळा आठ. फार फरक पडला तर आधी चारही कवड्या वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण लहान-मोठ्या कवड्यांना एकच गुणोत्तर लावलेलं असतं. आणि त्या जमिनीवर टाकल्या की सतरंजीवर, तेही बघावं.