नववीत दोन वर्षं

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की मी नववीत दोन वर्षं काढलेला विद्यार्थी आहे, गुणवंतांच्या फलकावर माझं नाव सापडणार नाही. "हरकत नाही, पण प्रेरणादायी लिहा," असं उत्तर आलं. प्रयत्न करतो.

ऐंशीच्या दशकात ठाण्यातल्या बऱ्याच शाळांत दहावीचा निकाल नववीतच ठरायचा. कच्ची मुलं तिथेच थांबवली की पुढच्या वर्षीची टक्केवारी छान दिसे. गणितामुळे मी त्या चाळणीत अडकलो. वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, ते फारसं बोलले नाहीत. आईने मात्र चाळीत सगळ्यांना सांगितलं की ऐन परीक्षेत त्याला कावीळ झाली होती. मला आजतागायत कावीळ झालेली नाही.

'अपयश ही यशाची पहिली पायरी' हा सुविचार आपल्या फळ्यावर दर जूनमध्ये यायचा. माझ्याबरोबर मागे राहिलेल्या काही मुलांनी त्याच वर्षी शाळा सोडली. कुणी गॅरेजला लागला, कुणी मार्केटात भाजीच्या गाळ्यावर. पायरी त्यांनाही मिळालीच होती की! माझ्या घरी आणखी एका वर्षाचा खर्च निभावेल एवढा पगार येत होता आणि मला गणिताच्या बाई भेटल्या, एवढाच फरक.

बाईंनी मला नवीन गणितं दिली नाहीत. माझीच जुनी उत्तरपत्रिका समोर ठेवली आणि म्हणाल्या, "सोडवू नकोस. पहिली चूक कुठे झाली तेवढं दाखव." मी उत्तरापासून वर जात सगळीकडे लाल खुणा करत सुटलो. "अरे, ह्या चुका नाहीत, हा परिणाम आहे. पहिली दाखव." असं रोज मधल्या सुट्टीत चालायचं, डबा खाता खाता. हळूहळू उलगडलं ते असं: कंसाबाहेर वजा असला की मी आतल्या पहिल्याच पदाचं चिन्ह बदलायचो. −(३क − ५) चं मी बिनदिक्कत −३क − ५ करायचो. पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर, उत्तर चूक. 'गणितात ढ' म्हणून वर्षभर मिरवलेल्या मुलाला प्रत्यक्षात कंस सोडवता येत नव्हता.

दहावी झाली, मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा, डिप्लोमा झाला आणि मी वडिलांच्याच वागळे इस्टेटमध्ये एका टेस्टिंग लॅबमध्ये लागलो. तिथे माझ्या टेबलावर मोडकाच माल येतो: शाफ्ट, बोल्ट, गिअरचे दात, स्प्रिंगा. सोबत आलेला माणूस बहुधा ऑपरेटरला शिव्या देत असतो, कारण त्याला शेवटचा झटका तेवढा आठवतो. तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरला की वेगळीच हकिकत निघते. ताण वारंवार येत राहिला की लहानशी भेग महिनोन् महिने पुढे सरकत राहते आणि ओहोटीच्या वाळूवर राहाव्यात तशा वक्र रेषा मागे ठेवते. रेषांचा माग काढत उलटं गेलं की उगम सापडतो: कीवेचा (शाफ्टमध्ये पाचर बसवायला कापलेल्या खाचेचा) धारदार कोपरा, नको तिथे पडलेला वेल्डिंगचा ठिपका, टूलचा ओरखडा. पहिल्या दिवशी साहेबांनी हे समजावलं तेव्हा मला बाईंचा आवाज ऐकू आला होता.

ह्या विषयातलं सर्वांत महागडं उदाहरण कॉमेट विमानाचं. प्रवासी वाहतुकीत उतरलेलं हे जगातलं पहिलं जेट, १९५२ सालचं. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, ५६ माणसं गेली. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला एका कॉमेटचा अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत बुडवून, आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवून-उतरवून, मुद्दाम फोडण्यात आला. भेग एका खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली होती. शोध जगजाहीर झाला आणि तो सगळ्याच विमान कारखान्यांच्या कामी आला. सुधारलेलं कॉमेट १९५८ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन उडालं, पण तोवर बोइंग ७०७ दाराशी उभं होतं, बाजार त्याने नेला. म्हणून तो सुविचार मला पुरता पटत नाही. अपयश कुणाचं आणि शिकून पुढे गेलं कोण, ह्याचा मेळ दर वेळी बसत नाही.

लॅबमध्ये नव्या पोरांना मी एक सूचना हमखास देतो. तुटलेली दोन टोकं एकमेकांना लावून बघू नका आणि वायर ब्रशने घासू तर मुळीच नका, कडा घासल्या की खुणा गेल्या. गिऱ्हाईक नेमकं हेच करून येतं: पुसून, चकचकीत करून, वर तेल लावून. त्यात त्याचा दोष नाही, मोडकी वस्तू तशीच उघडी ठेवायला कुणालाच बरं वाटत नाही.

महोत्सवाची देणगी रीतसर पाठवली आहे. शिवाय शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तुटलेल्या नमुन्यांची एक पेटी आणि दोन भिंगं देतो आहे. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे, भेग कुठून निघाली ते मात्र मुद्दाम लिहिलेलं नाही. नववीच्या मुलांनी शोधावं. उत्तरं बंद पाकिटात विज्ञानाच्या सरांकडे राहतील. शनिवारी मला सुट्टी असते, सरांनी बोलावलं तर मी येईन.