लंगोट शिवायचे तर आधी कापड बघा

बहिणीला जुलैत बाळ झालं तेव्हापासून आमच्याकडे शिलाई मशीन उघडंच आहे. पस्तीसेक लंगोट आणि बारा दुपटी शिवून झाली, मैत्रिणी सारख्या माप विचारतात पण खरं सांगू का, मापात फार काही नाही, सगळं कापडावर आहे.

पहिल्या वेळी मी चुकले. एका दुकानातून फ्लॅनेल आणलं, हाताला एकदम मऊ, वर बदकं छापलेली, दुकानदार म्हणाला प्युअर कॉटन आहे. सहा लंगोट शिवले आणि बाळाने शू केली की ती कापडात मुरायच्या ऐवजी ओघळून सरळ दुपट्यावर. मग कडेचे दोन धागे काढून जाळून बघितले. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटात चुरली की पीठ होते, हा मात्र वितळून काळा टणक मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर मिक्स. नव्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघण्यात अर्थ नाही हं, चांगलं सुती असलं तरी खळीमुळे थेंब वरच बसून राहतो, दोन-तीनदा गरम पाण्यात धुतल्यावर मग ते पाणी प्यायला लागतं.

आई म्हणाली, अगं नवं आणतेसच कशाला, आजीचं लुगडं काढ की. सुती नऊवारी, वर्षानुवर्षं धुतलेलं, उजेडात धरलं की पलीकडे हात दिसतो इतकं विरलेलं. कात्रीने कडेला एक इंच काप दिला आणि हाताने फाडलं, धाग्यावरून सरळ टर्रकन फाटत गेलं, खडूने आखायचीसुद्धा गरज पडली नाही. वीस इंचाचा चौकोन, कर्णावर दुमडून त्रिकोण, दोन टोकांना बंद. दुमडलेली शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, आत ठेवली की जांघेत काचते आणि तिथे लाल वळ उठतो. बंदांसाठी जुन्या टीशर्टच्या आडव्या पट्ट्या कापून ताणल्या, त्या आपोआप गुंडाळून दोरीसारख्या होतात आणि पोटाला रुतत नाहीत.

रात्रीसाठी मधे होजिअरीचे तीन पदर घातले. याला मशीनला बॉलपॉइंट सुई (गोलसर टोकाची) लावा, साध्या सुईने टाके सुटतात. आणि पदर चारही बाजूंनी शिवू नका, एकाच कडेला टीप मारा म्हणजे वाळत घालताना पुस्तकासारखे उघडतात. पावसात हे फार महत्त्वाचं आहे, जाड शिवलेलं पॅड वरून कोरडं लागतं आणि आत दमटच राहतं, मग त्याला कुबट वास येतो.

बहिणीने ऑनलाइन मायक्रोफायबरची पॅडं मागवली होती. ती शोषतात पटकन पण बाळ मांडीवर घेतलं की दाबाने पाणी परत बाहेर येतं, आणि उघड्या अंगाला तर ती लावूच नयेत, कातडी कोरडी पडते. बाहेर जाताना वरून घालायला पीयूएलचं, म्हणजे आतून प्लास्टिकसारखा पातळ थर दिलेल्या, पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं कव्हर शिवलं, त्याला टाचण्या लावायच्या नाहीत, भोकातून गळतं, मी कपड्यांचे चिमटे लावून शिवलं.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, धाग्यावर थर बसून शोषणं कमी होतं. लुगड्याचा अजून हातभर पदर उरलाय, काठ काढून त्याचं उद्या टोपडं शिवणार आहे.