दुखणं कानात, मूळ गळ्यात

मे 2021 चा शेवटचा आठवडा. कोविडची दुसरी लाट ओसरत होती. अडतिशीच्या एक शिक्षिका नवऱ्याबरोबर माझ्या ओपीडीत आल्या. तीन आठवडे उजवा कान ठणकत होता. दाढ काढून झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. आता दुखणं डावीकडे सरकलं होतं. संध्याकाळी कणकण, हातांना कंप, छातीत धडधड. वजन चार किलोंनी उतरलेलं. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) जवळपास शून्य, म्हणजे रक्तात थायरॉईड हार्मोन जास्त; म्हणून एके ठिकाणी कार्बिमॅझोल, ग्रंथीचं हार्मोन बनवणं रोखणारं औषध, सुरू केलं होतं. दहा दिवसांत काडीचाही फरक नव्हता.

बोलताना त्या पदर गळ्यापासून दोन बोटं लांब धरून बसल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मंगळसूत्रसुद्धा पर्समध्ये ठेवलंय डॉक्टर. टेकलं तरी जीव जातो."

गळ्याला बोटं लावताच त्यांनी माझं मनगट धरलं. थायरॉईड टणक, सुजलेली.

"मागच्या दोन महिन्यांत ताप?"

"एप्रिलमध्ये कोविड झाला होता. पण मला फारसं काही नव्हतं, चारच दिवस ताप."

शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर आला 92, खूपच जास्त. सोनोग्राफीत ग्रंथीत काळपट डाग दिसले, रक्तप्रवाह कमी. ग्रेव्हज् (ग्रंथी स्वतःच जादा हार्मोन बनवते तो आजार) असता तर रक्तप्रवाह वाढलेला दिसला असता. हा सबॲक्यूट थायरॉयडायटिस, म्हणजे थायरॉईडची दुखरी सूज, होता. स्विस सर्जन द क्वेर्व्हां यांनी 1904 मध्ये वर्णन केलेला आणि आजही कानाच्या, दाताच्या नावावर खपून जाणारा आजार. सर्दी-तापासारखा विषाणूजन्य आजार होऊन गेला की साधारण दोन ते आठ आठवड्यांनी तो डोकं वर काढतो. गालगुंडानंतर दिसलेला आहे, आणि 2020 मध्ये इटलीतून कोविडनंतरचा रुग्णही नोंदला गेला.

नवऱ्याला मी टाकीचं उदाहरण दिलं. टाकीला तडा जाऊन साठलेलं पाणी वाहतंय, आणि आपण नळ बंद करत बसलोय. ग्रंथी नवं हार्मोन जास्त बनवतच नव्हती, साठा गळत होता. कार्बिमॅझोल त्याच दिवशी बंद केलं. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं. साध्या वेदनाशामकांनी आधीच हात टेकले होते, म्हणून प्रेडनिसोलोन.

स्टेरॉईड म्हणताच त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. त्या दिवसांत घरोघरी काळ्या बुरशीची धास्ती होती. स्टेरॉईडने साखर वाढली की ती बळावते, त्यामुळे ती भीती खोटी नव्हती. साखर तपासली, नॉर्मल आली. डोस कसा कमी करत जायचा ते तारखांसकट लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, "रात्री कुशीवर झोपले." मला भरून आलं. एवढ्या साध्या झोपेसाठी त्या महिनाभर तळमळत होत्या!

ऑगस्टमध्ये टीएसएच उलट 14 वर गेला, म्हणजे आता हार्मोन कमी पडत होतं. साठा रिकामा झाला की असं बऱ्याचदा होतं. "आता जन्मभर गोळी का?" त्या रडवेल्या झाल्या. बहुतेकांना लागत नाही, मी म्हटलं, थोडं थांबू. छोट्या डोसची थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनचीच गोळी, दिली, फेब्रुवारीत थांबवली. सहा आठवड्यांनी टीएसएच 3.1, नॉर्मल. दर वर्षी एकदा तपासायला मात्र यायला सांगितलंय, कारण काहींची ग्रंथी पुढे मंदावते.