पाव आण्यावरचा उलटा राजा

नाणं चिंचेनं घासून लख्ख करून आणलं होतं. पुडी उघडल्याबरोबर वाटलं, एक पुरावा आधीच धुऊन गेला. जुन्या कांस्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर फार उपयोगाचा असतो. खोलगट भागात तो बाकीच्या नाण्याइतकाच जुना दिसला, तर तो खळगा जुना आहे एवढं तरी ठरतं. इथं सगळीकडे सारखाच तांबूस रंग होता.

"ब्रोकेज आहे, टांकसाळीतली चूक, १९१९ चा पाव आणा," आणणारे गृहस्थ म्हणाले. "उरलेली दोन सोबत आली म्हणून आणली. एक चावल्यासारखं आहे, एक झिजलंय."

पहिल्या नाण्याच्या एका बाजूला पंचम जॉर्ज नेहमीसारखा डावीकडे बघत होता. दुसऱ्या बाजूला तोच राजा, पण खोलगट, उजवीकडे तोंड केलेला, आणि भोवतीची इंग्रजी अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा श्वास अडकावा असंच ते दिसतं. खरं ब्रोकेज असंच दिसतं आणि बनवलेलंही असंच दिसतं, म्हणून नुसत्या नजरेवर निकाल द्यायचा नसतो.

खरं ब्रोकेज होतं ते असं. टांकसाळीत पाडलेलं नाणं बाहेर न पडता एका साच्याला चिकटून बसतं. पुढची कोरी चकती खाली येते आणि तिच्या एका बाजूला साच्याऐवजी ते चिकटलेलं नाणंच ठसा उमटवतं. त्यामुळे त्या बाजूला साच्याचा स्पर्शच होत नाही. पाव आण्यावर साल मागच्या बाजूला असतं. मागे राजा उलटा उमटला असेल, तर मागच्या साच्यातलं साल चकतीवर यायला वावच नाही.

म्हणून विचारलं, "१९१९ कुठं वाचलंत?"

त्यांनी नखानं राजाच्या नाकासमोरची मोकळी जागा दाखवली. दिवा टेबलाच्या पातळीवर आडवा आणला, दहापटीचं भिंग लावलं. शेवटचे दोन आकडे चपटे होऊन बसले होते, पण वाचता येत होते. आणखी थोडं फिरवल्यावर उलट्या अक्षरांच्या मधल्या जागेत मागच्या बाजूच्या वेलबुट्टीचे तुकडे सापडले. म्हणजे हे नाणं आधी दोन्ही बाजूंनी नीट पाडलं गेलं होतं. नंतर कुणीतरी त्याच्या पाठीवर दुसरा पाव आणा राजाच्या बाजूनं ठेवून शेगड्यात, म्हणजे लोहाराच्या व्हाइसमध्ये, आवळला किंवा हातोडीनं ठोकला. वरचं नाणं जरा फिरलेलं धरलं गेलं, म्हणूनच साल चेहऱ्याखाली पूर्ण चिरडलं नाही.

पालथं करून बघितलं तर तिथंही पुरावा होता. मुकुट, दाढी आणि अंगरखा या उंच जागा सपाट झाल्या होत्या. वापरातली झीज गोलसर असते, उंच भाग हळूहळू मऊ होत जातो. दाबलेल्या नाण्यावर तो भाग एका पातळीत बसतो आणि त्याच्या कडा बाहेर पसरतात. बोटानंही हा फरक कळतो. व्हर्निअरनं व्यास मोजला: एका दिशेनं २५.५ मिलिमीटर, आडव्या दिशेनं २५.८. या नाण्याचा व्यास २५.४ असतो, आणि पाडताना ते कॉलरमध्ये, म्हणजे चकतीभोवतीच्या कड्यात, असल्यामुळे सगळीकडून सारखाच यायला हवा.

वजन ४.७९ ग्रॅम भरलं. मूळ वजन ४.८६, म्हणजे थोडी झीज धरून बरोबरच. अनेकजण वजन जुळलं की नाणं खरं धरतात, पण या ठिकाणी वजनाचा काही उपयोग नाही. दाबून धातू जात नाही, फक्त सरकतो. ब्रोकेज असो की शेगड्यातलं, काटा तोच आकडा दाखवणार.

गृहस्थ गप्प झाले. त्यांनी किती मोजले होते ते मी विचारलं नाही.

मग चावल्यासारखं दिसणारं घेतलं. तोही पंचम जॉर्जचाच पाव आणा, कडेला अर्धचंद्रासारखा खळगा, सर्वात खोल जागी ३ मिलिमीटर. वजन ४.५८. याला चिंच लागलेली नव्हती, हे नशीब. खळग्याच्या काठावरचा काळेपणा आणि नाण्याच्या अंगावरचा काळेपणा एकच होता. कानशीचे ओरखडे नव्हते.

दुसरा चांगला पाव आणा घेऊन त्याची कड त्या खळग्यात टेकवली. जवळजवळ बरोबर बसली. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढं सरकली नाही, तर चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि नवी चकती चंद्रकोरीएवढी उणी निघते. त्यामुळे त्या कोरीची गोलाई त्याच नाण्याच्या चकतीएवढी असते. पाडताना धातू थोडा सरकतो म्हणून अगदी तंतोतंत बसत नाही. कानशीनं किंवा कातरीनं केलेला खळगा बहुधा जास्त अरुंद नाहीतर सरळ येतो. गणितही जुळत होतं: एवढी कोर गेली तर क्षेत्रफळ सुमारे पाच टक्के कमी होतं, आणि पाच टक्के उणे म्हणजे ४.६ ग्रॅमच्या आसपास.

तरी खात्री अक्षरांवरूनच झाली. खळग्याजवळची अक्षरं कापल्यासारखी तुटलेली नव्हती. ती काठाकडे ओढली जाऊन पातळ होत गेली होती, कारण पाडतानाच तिथं धातू नव्हता आणि शेजारचा धातू त्या रिकाम्या जागेकडे वाहिला. नाणं पाडून झाल्यावर तुकडा काढला असता, तर अक्षर जिथं संपलं तिथं धारदार संपलं असतं. शिवाय खळग्याच्या बरोबर समोर, पलीकडच्या टोकाला, कडेची उंच किनार जवळपास नव्हतीच. किनार उठवण्याच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबत फिरवतात. खळगा एका बाजूला आला की समोरच्या बाजूला दाब बसत नाही आणि तिथं किनार उठत नाही. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. प्रत्येक खऱ्या नाण्यावर तो दिसतोच असं नाही, पण दिसला तर हातानं बनवणं फार कठीण.

ज्या नाण्याकडे त्यांनी बघितलंही नव्हतं, तीच टांकसाळीची चूक होती.

तिसऱ्याला वेळ लागला नाही. ३.६२ ग्रॅम, व्यास २४.६, अक्षरं काडीसारखी बारीक, पृष्ठभाग खरखरीत. चकती पातळ निघाली असती, तर कॉलरमुळे व्यास पुरा २५.४ आला असता आणि फक्त उंच भाग अर्धवट उमटले असते. व्यासही घटला आणि अक्षरांची रुंदीही, म्हणजे धातू सगळ्या बाजूंनी खाल्ला गेलाय. आम्लात पडलेलं नाणं.

निघताना त्यांनी घरातल्या शिवराईबद्दल विचारलं. 'श्री राजा शिव'मधला 'श्री' बाहेर गेलाय, ती चूक धरायची का? नाही. शिवराई हातानं ठोकून पाडलेली, ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरं बाहेर जाणं हा तिचा नेहमीचाच स्वभाव. एकीकडे सरकलेला ठसा यंत्रावर पाडलेल्या नाण्यावर चूक ठरतो, शिवराईवर नाही. त्या शिवराईवर एक टोचा, म्हणजे टोचल्याची खूण, होता, तो नंतर कुणीतरी मारलेला. तो तसाच राहू द्या म्हणालो, आणि चिंच अजिबात लावू नका.

तिन्ही नाणी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घातली. पहिल्यावर लिहिलं: 'पाव आणा, १९१९, मागे दुसरं नाणं दाबलेलं, नंतरचं नुकसान'. दुसऱ्यावर वजन, खळग्याची खोली आणि 'समोर किनार नाही' एवढं लिहून दिलं, म्हणजे पुढं कुणी हातात घेतलं तर त्याला पहिल्यापासून मोजत बसायला नको.