झिऱ्या बुजवलेल्या भिंती आणि प्राइमर : माझा अनुभव

ठाण्यातील आमच्या घराचे वायरिंग गेल्या वर्षी नव्याने करून घेतले. इमारत १९८५ च्या आसपासची, जुन्या पाइपांतून नव्या वायरी ओढता येईनात, म्हणून इलेक्ट्रिशियनने दोन्ही खोल्यांत आणि हॉलमध्ये कटर चालवून झिऱ्या, म्हणजे वायरींसाठी भिंतीत अरुंद खाचा, मारल्या, नवे बोर्ड बसवले आणि झिऱ्या बुजवून तो मोकळा झाला. बुजवल्या म्हणजे सिमेंट हाताशी होते तिथे सिमेंटने, ते संपले तिथे पीओपीने, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसने. त्या वेळी मला यात काही वावगे वाटले नाही.

दिवाळी पंधरा दिवसांवर होती, म्हणून आतली खोली घाईघाईने रंगवून घेतली. रंगाऱ्याने बुजवलेल्या जागांवर पुट्टीचा एक हात मारला, दुसऱ्या दिवशी ती घासली आणि त्यावर थेट प्लास्टिक पेंटचे दोन हात दिले. दिवसा भिंत उत्तम दिसत होती. रात्री त्याच भिंतीवरची ट्यूब लावली, तेव्हा स्विचबोर्डापासून थेट छतापर्यंत चार बोटे रुंदीचा एक पट्टा उठून दिसू लागला. रंग तोच, पण पट्ट्यावर तो मेल्यासारखा निस्तेज आणि दोन्ही बाजूंना किंचित चकचकीत. शिवाय पट्ट्याच्या कडेला नखाएवढी उंचवट्याची रेघ. तिसरा हात देऊन पाहिला. पट्टा गेला नाही.

आमच्याच मजल्यावर एक वयस्कर गृहस्थ राहतात. त्यांनी चाळीस वर्षे रंगकाम केले आहे आणि सगळे त्यांना पेंटरकाकाच म्हणतात. त्यांना बोलावले. रंगवलेल्या खोलीकडे त्यांनी एकदाच पाहिले आणि मला दुसऱ्या, अजून न रंगवलेल्या खोलीत नेले. ओला स्पंज त्यांनी झिरीच्या आडवा एकदाच फिरवला. जुन्या रंगावर पाण्याचे थेंब तसेच उभे राहिले. मधल्या कोऱ्या पीओपीवरचे पाणी मात्र माझ्या डोळ्यांदेखत आत ओढले गेले. ते म्हणाले, "भिंत दोन तऱ्हेने रंग पितेय साहेब. वरून कितीही हात मारा, अस्तर, म्हणजे प्राइमर, दिल्याशिवाय ती एकसारखी व्हायची नाही." कोरी पुट्टी किंवा पीओपी रंगातले पाणी आणि बांधून ठेवणारा चिकट अंश झपाट्याने शोषून घेते, त्यामुळे तेवढ्या जागेवर रंगाचा पापुद्रा नीट जमत नाही आणि तकाकी उतरते, हे मला त्या एका स्पंजाने जेवढे समजले तेवढे डब्यावरच्या सूचना वाचून समजले नव्हते.

दुसरी खोली आणि हॉल मी स्वतः करायचे ठरवले. काका सांगणार आणि मी राबणार, असा करार झाला. पहिले काम बुजवलेल्या जागा वाजवून पाहण्याचे. पत्र्याच्या, म्हणजे पुट्टी ओढायच्या पातीच्या, मुठीने ठोकत गेलो, तेव्हा हॉलमधल्या बाहेरच्या भिंतीवर दोन ठिकाणी बदबद आवाज आला. ही भिंत पावसाच्या बाजूची; तिथे पीओपी भरलेले होते आणि पावसाळ्यातल्या ओलीने ते इतके मऊ पडले होते की पत्र्याच्या टोकाने खडूसारखे निघाले. ते सगळे खरवडून काढले, झिरी झाडून ओली केली आणि एकास चार या मापाच्या सिमेंट-वाळूच्या मालाने दोन थरांत भरली. वरचा थर मुद्दाम भिंतीच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवला, म्हणजे पुट्टीला जागा राहते. जुना गिलावा आणि नवा माल यांच्या सांध्यावर पुन्हा भेग येऊ नये म्हणून वरच्या थराखाली कोंबडीजाळीची पट्टी दाबून बसवली. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले आणि नंतर तीन आठवडे त्या भिंतीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ताज्या सिमेंटात तीव्र क्षार असतात आणि ते वरचा रंग खातात, शिवाय आतली ओल बाहेर पडायला वाट हवी असते. थांबण्याचा हा काळ सगळ्यांत कठीण गेला, कारण घरात रोज कोणीतरी विचारत होते की भिंत वाळली ना, मग आता काय. उत्तरासाठी एक हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बसवला आणि चोवीस तासांनी काढला. पहिल्या वेळी आतून दव धरलेले होते. दहा दिवसांनी पुन्हा लावला, तेव्हा कोरडा निघाला.

आतल्या कोरड्या भिंतींवरचे पीओपी घट्ट होते, म्हणून ते तसेच ठेवले. मात्र पीओपीवर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी थेट लावायची नाही, हे काकांनी बजावले. पीओपी म्हणजे जिप्समच, आणि जिप्सम व सिमेंट ओलीत एकमेकांशी जुळत नाहीत आणि कालांतराने पापुद्रा सुटतो. अशा जागांवर आधी प्राइमरचा एक हात आणि त्यावर तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी, असा मार्ग धरला.

हॉलमध्ये आणखी एक घोळ होता. जुन्या पद्धतीप्रमाणे खालच्या चार फुटांवर ऑइलपेंटचा पट्टा आणि वर डिस्टेंपर. डिस्टेंपरवर तळवा फिरवला की पिठासारखा पांढरा थर हाताला लागत होता. त्यावर काहीही लावले तरी ते त्या पिठाला चिकटणार, भिंतीला नाही. तो ओल्या स्पंजाने भिजवून, पत्र्याने ओढून, पुन्हा धुऊन काढला, आणि त्या दिवशी आमच्या हॉलची लादी अक्षरशः चिखलात बुडाली. ऑइलपेंटचा पट्टा मात्र वॉटर पेपर पाण्यात भिजवून, ओल्यानेच घासून निस्तेज केला. विषारी शिशाची धूळ उडू नये म्हणून कोरडे घासणे टाळले, कारण घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि आमचा पट्टा त्याच्या कितीतरी आधीचा होता.

पुट्टी जाड एका हातात भरण्याचा मोह मी एकदा केला आणि दुसऱ्या दिवशी तिला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडलेल्या दिसल्या. नंतर पातळ तीन हात दिले, आणि प्रत्येक हाताला पत्रा झिरीच्या कडेपलीकडे वीतभर ओढत नेला, म्हणजे कडा विरत जाते. पहिल्या खोलीत नेमके हेच झाले नव्हते. घासताना आधी १२० नंबरचा, मग २२० चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वापरला. नुसत्या बोटांनी घासले की बोटांच्या खाचा भिंतीत उमटतात. धूळ ब्रशने झाडून, ओलसर फडक्याने पुसून घेतली.

प्राइमर आधी केवळ दुरुस्तीच्या जागांवर ब्रशने चोळून लावला, आणि तो वाळल्यावर सगळ्या भिंतीवर रोलरने. पाणी डब्यावर सांगितले होते तेवढेच मापाने घातले. जास्त पातळ केलेला प्राइमर म्हणजे पांढरे पाणी, असे काकांचे मत आणि आता माझेही. खोली साधारण दहा बाय अकरा फुटांची, तिला चार लिटरच्या डब्यातला सुमारे तीन लिटर प्राइमर लागला. छताजवळ वरच्या घरातून कधीकाळी झालेल्या गळतीचा पिवळट डाग होता. तो पाण्याच्या प्राइमरमधून दोनदा वर आला, तेव्हा तेवढ्या भागावर ऑइल बेसचा प्राइमर मारावा लागला आणि मग तो थांबला.

प्राइमर वाळल्यावर संध्याकाळी खोलीतले सगळे दिवे बंद केले आणि हातातली बॅटरी भिंतीला टेकवून तिच्या लगत उजेड सोडला. एकसारख्या पांढऱ्या रंगामुळे आता टाचणीएवढी भोकेही दिसत होती. अशा सतरा जागांवर पेन्सिलीने गोल केले, त्या भरल्या, घासल्या आणि तेवढ्यावर पुन्हा प्राइमर लावला. पेन्सिलीचे गोल खोडायचे राहिले असते तर रंगातून दिसले असते, हे काकांनी वेळेवर सांगितले म्हणून निभावले.

रंगाच्या दुसऱ्या हातानंतर ट्यूब लावली, तेव्हा झिरी नेमकी कुठून गेली आहे ते मला स्विचबोर्डावरून अंदाजानेच सांगता येत होते. आतल्या खोलीतला पट्टा अजून आहे. तिथे रंग पुन्हा घासून, कडा विरवून प्राइमरपासून सुरुवात करावी लागणार आहे, आणि उरलेला लिटरभर प्राइमर त्यासाठी झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवला आहे.